प्रेफरन्स पॉइंटची न सरकणारी रांग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत एल्क, म्यूल डिअर आणि मूस ही हरणे, काळविटासारखा दिसणारा प्रॉन्गहॉर्न आणि बिगहॉर्न शीप ही डोंगरी मेंढी, या मोठ्या वन्यप्राण्यांच्या शिकारीचे परवाने बाहेरच्या राज्यांतील अर्जदारांना ज्या पद्धतीने दिले जातात, त्या पद्धतीविषयी मी हे पत्र लिहीत आहे. विषय महाराष्ट्रापासून दूरचा आहे, हे मी जाणतो. तरीही तो मराठी वृत्तपत्रातून मांडावासा वाटला, कारण अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतील पुढच्या पिढीतले काही तरुण-तरुणी मित्रमंडळींबरोबर शिकारीला जाऊ लागले आहेत आणि ‘पॉइंट, म्हणजे परवान्याच्या रांगेतली जागा, घ्यायला आत्तापासूनच सुरुवात करावी का’ हा प्रश्न त्यांच्याकडून मला वारंवार विचारला जातो. मी इलिनॉयमध्ये राहतो. इथे पांढऱ्या शेपटीची हरणे भरपूर आहेत, पण रानातले एल्क नाहीत. एल्कच्या मागे जायचे, तर दुसऱ्या राज्याच्या दाराशी अर्ज घेऊन उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. त्या दाराशी होणाऱ्या व्यवहाराबद्दल माझे मत स्पष्ट आहे. राज्ये बाहेरच्या शिकाऱ्यांना रांगेतली जागा दरवर्षी विकत देतात, पण रांग सरकेलच असे कोणतेही बंधन स्वतःवर घेत नाहीत, आणि मध्येच नियम बदलले तरी घेतलेला एक डॉलरही परत करीत नाहीत. हे अन्यायाचे आहे आणि ते बदलले पाहिजे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा दरवाजा बंद केला, त्यामुळे शिकार म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर गुन्हाच उभा राहतो. अमेरिकेतील व्यवस्था वेगळ्या पायावर उभी आहे. तिथे वन्यप्राणी कोणा जमीनमालकाचे नसतात. राज्य त्यांचे विश्वस्त असते. राज्याचे वन्यजीव खाते दरवर्षी कळपांचा अंदाज घेते, किती नर, किती माद्या, हिवाळ्यात किती पिल्ले तगली हे पाहते आणि त्यानुसार प्रत्येक युनिटमध्ये किती जनावरे मारण्यास परवानगी द्यायची, हे ठरवते. युनिट म्हणजे नकाशावर सीमा आखून दिलेला शिकारीचा टापू. टॅग म्हणजे त्या टापूत, ठरलेल्या तारखांना, ठरलेल्या प्रकारच्या हत्याराने एकच जनावर मारण्याचा परवाना. जनावर पडल्यावर त्यावर तारीख नोंदवून तो कागद त्याच्या देहालाच बांधायचा असतो. या परवान्यांचे शुल्क, तसेच बंदुका व काडतुसांवर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार आकारला जाणारा केंद्रीय कर, या दोन्हींतून वन्यजीव खात्यांचा कारभार मोठ्या प्रमाणात चालतो. मी या व्यवस्थेच्या विरोधात नाही. मला तिच्याविषयी आदर आहे, आणि म्हणूनच तिच्यातले हे वैगुण्य अधिक बोचते.

मागणी टॅगच्या संख्येहून जास्त असल्यामुळे सोडत काढावी लागते. आपल्याकडील वाचकांना म्हाडाची सोडत ठाऊक आहे. तिथे अर्जासोबत अनामत रक्कम भरावी लागते, घर लागले नाही तर ती परत मिळते, आणि पुढच्या वर्षीच्या सोडतीत नवा-जुना प्रत्येक अर्जदार पुन्हा एकाच पातळीवर येतो. प्रेफरन्स पॉइंटची पद्धत नेमकी याच्या उलट आहे. ज्या वर्षी टॅग मिळाला नाही त्या वर्षाचा एक पॉइंट खात्यात जमा होतो, किंवा टॅगसाठी अर्ज न करताही तो विकत घेता येतो; पुढच्या वर्षी ज्याच्याकडे सर्वांत जास्त पॉइंट, त्याचा क्रमांक आधी. टॅग मिळाला की जमा पॉइंट शून्यावर येतात. वाट पाहणाऱ्याला कधी ना कधी न्याय मिळावा, हा या पद्धतीमागचा हेतू चांगलाच होता. ज्या टापूत अर्ज थोडेच जास्त असतात, तिथे तो आजही बऱ्यापैकी साधतो.

उदाहरण म्हणून वायोमिंग घेऊ, कारण बाहेरच्या अर्जदारांचा ओढा तिकडे मोठा आहे. तिथे मूस आणि बिगहॉर्न शीपसाठी १९९५ मध्ये, तर एल्क, डिअर आणि प्रॉन्गहॉर्नसाठी २००६ मध्ये पॉइंट सुरू झाले. बाहेरच्यांच्या वाट्याच्या टॅगपैकी ७५ टक्के पॉइंटच्या क्रमाने आणि उरलेले २५ टक्के सोडतीने दिले जातात. एका वर्षाच्या पॉइंटला एल्कसाठी ५२ डॉलर, डिअरसाठी ४१, प्रॉन्गहॉर्नसाठी ३१ आणि मूस व शीपसाठी प्रत्येकी १५० डॉलर पडतात. पाचही प्राण्यांचे पॉइंट घ्यायचे ठरवले तर वर्षाला ४२४ डॉलर होतात, आणि त्यातून टॅग हाती येत नाही. टॅगचे पैसे निराळे. एल्कच्या साध्या टॅगला बाहेरच्या माणसाला ६९२ डॉलर मोजावे लागतात, स्थानिकाला ५७. शिवाय एल्क, डिअर आणि प्रॉन्गहॉर्नच्या बाहेरच्यांच्या वाट्यातले ४० टक्के टॅग ‘स्पेशल’ म्हणून वेगळ्या, कमी गर्दीच्या रांगेत ठेवलेले असतात, आणि त्या रांगेतल्या एल्कच्या टॅगची किंमत अलीकडे १,९५० डॉलरपर्यंत नेण्यात आली आहे. म्हणजे ज्याच्याकडे वर्षे कमी पण पैसा जास्त, त्याच्यासाठी आडवाटही आहे. सलग दोन वर्षे अर्जही केला नाही आणि पॉइंटही घेतला नाही, तर साठलेले सगळे पॉइंट रद्द होतात. या शेवटच्या नियमाचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, हे नीट समजून घ्यायला हवे. दहा-पंधरा वर्षांचे पैसे वाया जातील या धास्तीने माणूस पुढचा पॉइंट घेतो. शिकारीला जाण्याचा बेत केव्हाच मागे पडलेला असतो, पण वर्षाचा भरणा चालूच राहतो.

आता रांगेबद्दल. दरवर्षी सोडतीनंतर वन्यजीव खाते प्रत्येक युनिटचा तक्ता प्रसिद्ध करते. त्यात डावीकडे पॉइंटची संख्या उतरत्या क्रमाने, तिच्यासमोर त्या पातळीवरच्या अर्जदारांची संख्या आणि त्यापुढे किती जणांना टॅग मिळाला, एवढाच मजकूर असतो. नवखा माणूस सर्वांत वरची ओळ पाहतो आणि ‘एवढे पॉइंट झाले की आपला नंबर’ असे समजतो. जाणकार माणूस मात्र आधी त्याच्याखालची ओळ वाचतो. समजा, एखाद्या युनिटमध्ये पॉइंटच्या क्रमाने बाहेरच्यांना वर्षाला १२ टॅग मिळतात आणि वरच्या पातळीवर ४८० माणसे थांबलेली आहेत. ती सगळी माणसे मार्गी लागायला ४० वर्षे लागतील. त्यांच्याखाली एका पॉइंटने मागे असलेल्या माणसाची पाळी त्या ४० वर्षांनंतर सुरू होते, आणि आज शून्यावर उभा असलेला विशीतला तरुण आयुष्यभर पैसे भरूनही त्या टॅगपर्यंत पोहोचत नाही. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. पण कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यातील २, १० आणि २०१ या युनिटमधील एल्कसाठी बाहेरच्या अर्जदाराला दोन डझनांहून अधिक पॉइंट लागतात, आणि ते जमवणाऱ्यालाही ही पायरी दरवर्षी आणखी वर सरकताना दिसते. शिकारी मंडळी याला ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. तुम्ही वर्षाला एक पायरी चढता आणि जिनाही वर्षाला एका पायरीने वाढतो, मग अंतर कमी कशाने होणार? ही वाढ सर्वोत्तम युनिटपुरतीच राहिलेली नाही. वायोमिंगमधील एल्कचा ‘जनरल’ टॅग, म्हणजे एकाच युनिटपुरता मर्यादित नसलेला परवाना, पूर्वी बाहेरच्या माणसाला एखाद-दुसऱ्या पॉइंटवर मिळत असे. आता त्यासाठीही काही वर्षे थांबावे लागते.

ही रांग एवढी का फुगली, याचे एक कारण शासकीय निर्णयांतच आहे. पूर्वी कोलोरॅडोत अर्ज करतानाच टॅगची पूर्ण किंमत भरावी लागे. बाहेरच्या माणसाचे शेकडो डॉलर काही महिने अडकून पडत, त्यामुळे ज्याला खरोखर जायचे आहे तोच अर्ज करी. २०१८ मध्ये ही अट काढून केवळ अर्जाचे शुल्क आधी घेण्याची पद्धत आली आणि अर्जांची संख्या, विशेषतः मूस, शीप आणि माउंटन गोटसाठी, प्रचंड वाढली. अर्जदाराची सोय व्हावी हे योग्यच होते. पण त्या सोयीमुळे ज्यांना यंदा जायचेच नाही अशी हजारो नावे रांगेत आली, आणि रांगेतली माणसे वाढली तरी डोंगरावरचे एल्क काही वाढले नाहीत. आता तिथे अर्जापूर्वी एक पात्रता परवाना विकत घेण्याची अट आहे. तिच्यामुळे राज्याचे उत्पन्न वाढले, रांग मात्र आखडली नाही.

निसर्गाचा भाग वेगळाच. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमध्ये बर्फ असा साचून राहिला की वायोमिंग रेंजच्या नावाजलेल्या म्यूल डिअर कळपातील पिल्ले जवळजवळ सगळी गेली आणि मोठी जनावरेही निम्म्याहून अधिक दगावली. गळ्यात पट्टे घालून ज्या माद्यांवर अभ्यासक नजर ठेवून होते, त्या एकामागून एक मरून पडलेल्या सापडल्या. प्रॉन्गहॉर्नची हानीही मोठी झाली, आणि सीमेपलीकडे कोलोरॅडोच्या वायव्य भागात एल्कनाही त्याच हिवाळ्याचा तडाखा बसला. दोन्ही राज्यांनी टॅग कमी केले, आणि ते कमी करायलाच हवे होते. कळप सावरेपर्यंत एकही टॅग दिला नाही तरी माझी तक्रार नसेल. पण त्या वर्षीही पॉइंटची विक्री त्याच दराने चालू राहिली. टॅग कमी, पॉइंटची विक्री मात्र पूर्ववत, याचा अर्थ पुढच्या वर्षी त्याच पातळीवर आणखी माणसे साठणार. कळपाच्या संख्येनुसार टॅगची संख्या बदलणारे खाते पॉइंटची विक्री मात्र कशाशीच जोडत नाही, ही विसंगती मला सर्वांत जास्त खटकते.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. वायोमिंगने कायदा करून २०२३ च्या हंगामापासून मूस, बिगहॉर्न शीप, माउंटन गोट आणि बायसन यांचे ९० टक्के टॅग स्थानिकांसाठी राखले. त्याआधी बाहेरच्यांना मूसचे २० टक्के आणि शीपचे २५ टक्के टॅग मिळत. म्हणजे मूसचा वाटा एका फटक्यात निम्मा झाला आणि शीपचा त्याहूनही खाली गेला. स्थानिकांना प्राधान्य देण्याचा अधिकार राज्याला आहे, हे मी मान्य करतो. पण ज्या माणसांनी आधीच्या वाट्याच्या हिशेबावर भरवसा ठेवून पंधरा-वीस वर्षे दरवर्षी पैसे भरले, त्यांच्या पॉइंटचे मोल या निर्णयाने जवळपास संपले. त्यांना भरलेल्या पैशांचा परतावा मिळाला नाही. उलट वर्षाला १५० डॉलरचा पॉइंट पुढेही विक्रीला राहिला. त्या रांगेतले अनेक जण आता सत्तरीत आहेत, आणि बिगहॉर्न शीपची शिकार दहा-अकरा हजार फुटांवर, दगडांच्या घसरणीवरून चालत करायची असते. पॉइंट कोणाला देता येत नाहीत, वारसालाही जात नाहीत. माणूस गेला की खाते संपते. खासगी कंपनीने असा व्यवहार केला असता तर ग्राहकांनी तिला न्यायालयात खेचले असते.

बाहेरच्या माणसाला हक्क कसला, असा प्रश्न इथे स्थानिक लोक विचारतात आणि कायदा त्यांच्या बाजूने आहे. मोंटानात स्थानिकाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळत होता आणि बाहेरच्या माणसाला एल्कसाठी २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागत होता, त्या प्रकरणी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की मोठ्या प्राण्यांची शिकार ही हौस आहे, नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, म्हणून असा फरक चालतो. २००२ मध्ये बाहेरच्यांच्या टॅगवरील ॲरिझोनाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेला एका अपील न्यायालयात धक्का बसला, तेव्हा २००५ मध्ये काँग्रेसनेच, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून राज्यांना हा अधिकार निःसंदिग्धपणे दिला. मला हा निकाल उलटवायचा नाही. जो माणूस त्या बर्फात बारा महिने राहतो, ज्याच्या कुंपणातून एल्क जातात आणि ज्याची गंजी खातात, त्याला आधी टॅग मिळावा हे न्याय्यच आहे. मात्र त्याचबरोबर हेही लक्षात ठेवावे की यातील बरीच शिकार ज्या रानांत होते ती केंद्र सरकारची, म्हणजे साऱ्या देशाची जमीन आहे, आणि परवान्यांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा बाहेरचेच लोक देतात. (केंद्राच्याच संरक्षित अरण्यांत वायोमिंगबाहेरच्या माणसाने वाटाड्या किंवा स्थानिक सोबती घेतल्याशिवाय मोठी शिकार करू नये, असा त्या राज्याचा नियम आहे. तिथे एकट्याने पाठपिशवी घेऊन फिरायला, मासे धरायला मात्र कोणाची आडकाठी नाही. या नियमाचे समर्थन मला आजवर पटलेले नाही.) बाहेरच्यांना किती टॅग द्यावेत हे राज्याने ठरवावे, दोन टक्के द्यावेत, हवे तर शून्य द्यावेत. पण जे द्यायचे नाही त्याच्या आशेवर पैसे घेऊ नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

यावर उपाय नाहीत असे मुळीच नाही, कारण शेजारच्या राज्यांनी ते करून दाखवले आहेत. न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत. तिथे बाहेरच्या, वाटाड्याविना जाणाऱ्या अर्जदारांना केवळ सहा टक्के टॅग आहेत, तरीही दरवर्षीची सोडत कोरी असते आणि पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यालाही तेवढीच संधी मिळते. आयडाहोतही पॉइंट नाहीत. नेव्हाडात पॉइंटच्या संख्येचा वर्ग (तिनाचे नऊ) करून तेवढ्या जादा चिठ्ठ्या टाकतात. जुन्याचे पारडे जड राहते, पण नव्याचे नाव पेटीत असतेच. युटामध्ये मर्यादित टॅगपैकी साधारण निम्मे सर्वाधिक पॉइंटवाल्यांना आणि निम्मे सोडतीने जातात. मला स्वतःला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो मोंटानाचा एक नियम: बाहेरच्यांच्या एल्क-डिअरच्या एकत्रित परवान्यासाठी प्रेफरन्स पॉइंट तीनच साठवता येतात, त्यापुढे नाही. त्यामुळे रांगेला एक टोक राहते, आणि तिशीतल्या माणसाला आपला क्रमांक साधारण कधी लागेल हे सांगता येते. माझ्या मते ज्या राज्यांत पॉइंटच्या क्रमावर भर आहे, त्यांनी निम्मे टॅग तरी सोडतीने द्यावेत, पॉइंटवर कमाल मर्यादा घालावी, एखाद्या प्राण्याचा बाहेरच्यांचा वाटा कमी केला तर इच्छा असेल त्याला त्या प्राण्याच्या पॉइंटचे पैसे परत द्यावेत, आणि विक्रीच्या पानावरच ‘आजच्या गतीने या युनिटमध्ये अमुक वर्षे लागतील’ असा अंदाज छापावा. गेल्या वर्षीचा तक्ता खाते देतेच. त्यावरून हा अंदाज काढणे त्याला अवघड नाही.

नव्या पिढीच्या दृष्टीने या पद्धतीतली आणखी एक अडचण सांगायला हवी. आईला किंवा बापाला मुलीबरोबर एकत्र अर्ज करायचा असेल, तर वायोमिंगमध्ये दोघांच्या पॉइंटची सरासरी धरतात. बापाचे दहा आणि मुलीचे शून्य असले तर अर्ज पाचावर येतो. कोलोरॅडोत गटातील सर्वांत कमी पॉइंट असलेल्या माणसाची पातळी सगळ्यांना लागू होते, म्हणजे तिथे बापाच्या दहा वर्षांना काहीच किंमत उरत नाही. शिकारीचे वळण एका पिढीकडून दुसरीकडे जावे असे सगळी खाती जाहीरपणे म्हणतात, तर मग निदान सज्ञान न झालेल्या मुलांसाठी तरी हा नियम सैल करावा. ॲरिझोनात आई-वडील किंवा आजी-आजोबा आपल्याला मिळालेला टॅग अल्पवयीन मुलाच्या नावे करू शकतात. ती सोय इतर राज्यांनी उचलण्यासारखी आहे.

ज्या तरुणांनी मला विचारले आणि जे यापुढे विचारतील, त्यांना माझे सांगणे असे आहे. मूस आणि शीपच्या पॉइंटमध्ये आज शून्यापासून पैसे घालू नका. ते पैसे परत येण्याजोगे नाहीत. एल्क, डिअर आणि प्रॉन्गहॉर्नचे पॉइंट घ्या, पण दोन-चार वर्षांत वापरून टाका. नामांकित युनिटच्या नादाने ते साठवत बसू नका, कारण साठवलेला पॉइंट दरवर्षी स्वस्त होत जातो. पूर्व वायोमिंगच्या सेजब्रशच्या खुरट्या झुडपांच्या माळावर प्रॉन्गहॉर्नच्या मागे पोटावर सरपटत दोनशे यार्डांपर्यंत पोहोचणे आणि तरीही त्याने आधी पाहणे, हे शिक्षण कोणत्याही तक्त्यातून मिळत नाही. मादी एल्कच्या सवलतीच्या टॅगला वायोमिंगमध्ये २८८ डॉलर आणि मादी प्रॉन्गहॉर्नच्या टॅगला ३४ डॉलर पडतात, आणि त्यांसाठी पॉइंट खर्चही होत नाहीत. मांस तेच, डोंगर तोच, अनुभवही तोच. मात्र कळपाची स्थिती पाहून त्या युनिटमध्ये मादी मारणे योग्य आहे का, हे आधी खात्याच्या अहवालात वाचून घ्या. त्यापूर्वी शिकारी सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करून त्याचे प्रमाणपत्र जवळ ठेवा. १ जानेवारी १९६६ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना वायोमिंगमध्ये ते लागते आणि कोलोरॅडोत तर १९४९ पासूनच्या जन्मांना.

अखेरीस, या राज्यांचे वन्यजीव आयोग नियम बदलण्यापूर्वी जनतेच्या लेखी सूचना मागवतात आणि बाहेरच्या राज्यातल्या माणसाची सूचनाही स्वीकारतात. तिथे आउटफिटरांच्या, म्हणजे शिकारीच्या सहली चालवणाऱ्या व्यावसायिकांच्या, आणि स्थानिक संघटनांच्या सूचना संघटितपणे येतात. दरवर्षी मुकाट्याने पैसे भरणाऱ्या बाहेरच्या अर्जदाराचा आवाज मात्र क्वचितच पोहोचतो. वायोमिंगचे पॉइंट १ जुलै ते ३१ ऑक्टोबर या काळात विकले जातात. ज्या मराठी वाचकांच्या घरातून यंदा तो भरणा होणार असेल, त्यांनी त्याच वेळी आयोगाला अर्ध्या पानाचे पत्र लिहून पॉइंटवर मर्यादा आणि वाटा घटल्यास परतावा, या दोन मागण्या नोंदवाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपण हे पत्र प्रसिद्ध केल्यास ती त्यांच्यापर्यंत पोहोचेल.

आपला नम्र,
एक वाचक, इलिनॉय, अमेरिका